पहिल्या कॅम्पेनमध्ये डंजन ठेवायचं का? नव्या डीएमसाठी पायरी-पायरीने

एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं खेळायची, असा फाशांचा खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. पुण्यात त्याचा नवा ग्रुप जमला की पहिला वाद साधारण ठरलेला असतो. खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, डोक्यात मोठी गोष्ट घेऊन आलेला असतो: तीन राज्यं, गादीचं भांडण, पळवून नेलेला राजपुत्र. प्लेअरांपैकी ज्याने यूट्यूबवर कुणाचे तरी खेळ पाहिलेत तो विचारतो, "अरे पण डंजन कुठाय?" डीएमचं उत्तर तयार असतं. "ते जुनं झालं. दार उघडा, राक्षस मारा, पुढचं दार उघडा. आपण स्टोरी खेळू."

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं साहस डंजनमध्ये, म्हणजे दारं-खोल्यांच्या भुयारासारख्या जागेतच ठेवा, लहान ठेवा, आणि अख्खं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, त्यात घालायचं का हा प्रश्न ते संपल्यावर घ्या. नियमांची उदाहरणं मी पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमांतून घेतली आहेत. त्यांचा गाभा एसआरडी या नावाने फुकट मिळतो. 2023 मध्ये तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. त्यामुळे जाडजूड पुस्तकं लगेच विकत घ्यायची घाई नको. एसआरडीची पीडीएफ, फाशांचा एक संच आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेली आलेखवही एवढ्यावर दोन-तीन महिने सहज निघतात.

डंजन नेमकं काय काम करतं

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत छापून आला. दोघेही मुळात मिनिएचर सैनिक मांडून लढाया खेळणारे. दोघांनीही आपापल्या टेबलावर एकेक किल्ला कल्पिला होता, आर्नेसनचा ब्लॅकमूर आणि गायगॅक्सचा ग्रेहॉक, आणि खेळ रंगला तो त्या किल्ल्यांखालच्या तळघरांत. एकाखाली एक मजले. जितकं खाली जाल तितका धोका जास्त आणि धनही जास्त. किती खाली उतरायचं हे प्लेअर ठरवणार, डीएम नाही.

त्या काळच्या नियमांत आणखी एक गंमत होती. अनुभवाचे गुण, ज्यांच्यावर पात्र वरच्या लेव्हलला जातं, मुख्यतः मिळायचे ते बाहेर आणलेल्या धनाबद्दल, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. राक्षस मारल्याचे गुण त्यामानाने किरकोळ. मग शहाणा माणूस मारामारी टाळणार, लपतछपत जाणार, लाच देणार, तह करणार. पुढच्या आवृत्त्यांत नाण्यांचे गुण गेले, मारण्याचे राहिले, आणि डंजन म्हणजे ओळीने मारामाऱ्या असं समीकरण बसलं. लोक कंटाळले ते याला. दोष भुयाराचा नव्हता, हिशेबाचा होता.

नव्या डीएमला डंजन का सोयीचं, तर ते पर्याय कमी करतं. उघड्या रस्त्यावर चार प्लेअर सोडले की एक म्हणतो उत्तरेला जाऊ, दुसरा सावकाराच्या घरी चोरी करायची म्हणतो, तिसऱ्याला सराईतल्या म्हातारीशीच बोलत बसायचं असतं, आणि तुम्ही रविवारभर बसून लिहिलेली पानं पिशवीत राहतात. भुयारात डावीकडचं दार, उजवीकडचं दार किंवा मागे फिरणं. तीनच वाटा, पण त्यातली निवडायची त्यांनीच. तुमचीही तयारी तेवढीच.

दुसरं कारण नियमांतलं आहे, आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. 2014 च्या नियमांनी धरलेलं आहे की पात्रांच्या एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी होतील. प्रवासाच्या गोष्टीत दिवसाला एक होते. मग विझार्ड, म्हणजे जादूगार, त्या एकाच लढाईत सगळे मंत्र उधळतो, रात्री आठ तासांचा लाँग रेस्ट घेतो, सकाळी पुन्हा ताजातवाना. ज्याच्याकडे मंत्र नाहीत त्या फायटरने, म्हणजे लढवय्याने, करायचं काय? "फायटर घेऊन चूक केली" असं टेबलावर ऐकू आलं की समजा, तुमच्या दिवसात चकमकी कमी पडताहेत. डंजनमध्ये हा तोल आपोआप येतो, कारण मध्येच आठ तास झोपायची सोय नसते. निदान नसावी.

पायरी 1: आधी टेबल बघा

किती जण येणार, किती वेळ बसणार, आणि दर वेळी तेच येणार का, हे तीन प्रश्न गोष्ट लिहायच्या आधीचे. आपल्याकडे तिसऱ्याचं उत्तर बहुतेकदा "नाही" असतं. शनिवारी संध्याकाळी कोथरूडला भेटायचं ठरतं. साडेपाचला मेसेज येतो की हिंजवडीत रिलीज अडकलंय, दुसरा चांदणी चौकात अडकलाय. गादीच्या वादाच्या गोष्टीत राजपुत्राचा सख्खा भाऊ खेळणारा माणूसच आला नाही तर सेशन, म्हणजे ती बैठक, कोलमडतं. डंजनचं तसं नाही. प्रत्येक सेशन भुयाराच्या तोंडाशी सुरू करायचं आणि गावात परत येऊन संपवायचं, असा नियम केला की जे आले ते उतरले, जे नाही आले ते गावात थांबले. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

नवखे प्लेअर असतील तर एका चकमकीला अर्धा-पाऊण तास जातो. तीन तासांत चार-पाच ठिकाणं पाहून होतात. यावरून आकार ठरवा. सात ठिकाणांचं भुयार दोन सेशनना पुरतं.

पायरी 2: डंजन हवंय की नको, याची कसोटी

स्वतःला एकच विचारा: या जागेतून मागे फिरायचं झालं तर काही किंमत मोजावी लागेल का? वेळ, मशाली, बंद होणारं दार, आत अडकलेलं माणूस, काहीही चालेल. किंमत असेल तर डंजन ठेवा. नसेल, म्हणजे प्लेअर हवं तेव्हा बाहेर येऊन, सराईत जेवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जाऊ शकत असतील आणि आत काहीच बदलणार नसेल, तर ते डंजन काढून टाका आणि त्यातला एकच चांगला प्रसंग जंगलात किंवा गावात खेळा.

खुनाचा तपास, दरबारी कारस्थान, मोठी लढाई यांना भुयार लागत नाही. पण भुयाराचं तंत्र लागू शकतं. मंत्र्याच्या वाड्यातून रात्री दस्तऐवज पळवायचाय? वाडा म्हणजेच डंजन. चौक, सोपे, माडी, मुदपाकखाना, नोकरांचे जिने. फिरत्या राक्षसांच्या जागी गस्त घालणारे पहारेकरी. मशाल संपण्याच्या जागी उजाडणं. नकाशाही तसाच काढायचा. "आम्हाला डंजन आवडत नाही" म्हणणारे ग्रुप असा वाडा आनंदाने खेळतात, हे मी बघितलंय, आणि त्यांना सांगायलाही जात नाही.

पायरी 3: जागा कुणी बांधली, आता कोण राहतं

इथे वेळ घालवा. वाईट डंजनचं लक्षण म्हणजे जागेला कारण नसतं: खोलीत ड्रॅगन आहे, पण त्या दारातून तो आत आला कसा, हे कुणालाच माहीत नाही. दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. मुळात ही जागा कशासाठी बांधली? आणि आता तिथे कोण आहे, त्याला काय हवंय?

यासाठी युरोपातल्या किल्ल्यांची चित्रं शोधायची गरज नाही. आपण ज्या भागात राहतो तिथला दगडच भुयारं कोरण्याच्या कामाचा आहे. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर बघा. आठव्या शतकाच्या सुमाराचं, अख्ख्या काळ्या दगडात खोदलेलं, अंगणात गोल नंदीमंडप, आत जाड चौकोनी खांब, आणि काम अपुरं सोडलेलं. खोदणारे मध्येच का थांबले, या एका प्रश्नावर एक साहस उभं राहतं. (ते चालतं देऊळ आहे. बघा, पावलांनी मोजा, घरी येऊन वहीत उतरवा. तिथे फासे काढून बसू नका.)

राजगडाची संजीवनी माची मला नकाशाच्या दृष्टीने सगळ्यात शिकवणारी वाटते. दुहेरी तटबंदी, दोन भिंतींच्या मध्ये खोल अरुंद बोळ, त्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बाहेरची भिंत फोडून शत्रू आत आला तरी तो त्या बोळात सापडतो आणि वरून मारा होतो. प्लेअरांना वाटतं आपण आत शिरलो. खरं तर सापळ्यात उतरलो. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हा दुसरा धडा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारावर अणकुचीदार खिळे, आणि रोजच्या वापराला त्याच दारात छोटी दिंडी. दिंडीतून एका वेळी एकच माणूस वाकून, डोकं पुढे करून आत जातो. आता कल्पना करा, पलीकडे कुणीतरी तलवार उगारून उभं आहे आणि तुमच्या ग्रुपला ठरवायचंय, आधी कोण वाकणार.

देवगिरीची, म्हणजे दौलताबादची, अंधारी तर पाहून या असंच म्हणेन. डोंगर तासून उभा कडा केलेला, भोवती कातळात खोदलेला खंदक, आणि वर जायला मधला मार्ग हा काळोखी वळणावळणाचा बोगदा. पायऱ्या एकसारख्या नाहीत, त्यामुळे अंधारात पाय चुकतो. वरच्या तोंडाशी आग पेटवून आत धूर कोंडायची सोय. दिवा मालवला की हाताला हात दिसत नाही, वर वटवाघळं. सापळा म्हणजे जमिनीतून उसळणारे भाले असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिथे जावं. इथे अंधार, उंच-सखल पायरी आणि धूर एवढ्यानेच काम होतं.

एक व्यवहाराचा सल्ला. जागेची रचना घ्या, इतिहासातली माणसं घेऊ नका. पेशव्यांना किंवा मावळ्यांना तुमच्या झाँबींच्या गोष्टीत आणलंत की खेळ थांबतो आणि टेबलावर वेगळीच सभा सुरू होते. गावाचं नाव बदला, देव कल्पित ठेवा, तट-बुरूज मात्र बिनधास्त उचला.

उदाहरण म्हणून एक डंजन आपण इथे बांधूच. पेशवाईत कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालच्या नळाने पाणी आणलं होतं. मध्ये हवेसाठी उसासे, म्हणजे वर उघडणारी उभी तोंडं, आणि पेठांत हौद. 2019 मध्ये मेट्रोच्या कामात स्वारगेटला जुनं भुयार लागलं तेव्हा अख्ख्या शहराला त्याची पुन्हा आठवण झाली. ही रचना आपण एका कल्पित शहरात नेऊ.

शहराच्या वरच्या पेठेतला हौद कोरडा पडलाय. बघायला आत गेलेले दोन पाणके परत आलेले नाहीत. कोतवाल म्हणतो, उद्या सूर्योदयाला आम्ही तलावाचं मोठं दार उघडणार, जे काही अडकलंय ते वाहून जाईल. माणसं आत असली तर? कोतवाल खांदे उडवतो. पाणक्याची बायको तुमच्या पात्रांकडे बघते.

कारण काय? नळात कोबोल्ड, म्हणजे सरड्यासारखे बुटके जीव, शिरलेत आणि त्यांनी बांध घातलाय. पण ते पाणी चोरत नाहीत. वरून प्रवाहाबरोबर ग्रे ऊझ नावाचा चिकट प्राणी येतो आणि त्यांची अंडी खातो, म्हणून त्यांनी प्रवाह अडवलाय. एवढं लिहिलंत की अर्धं काम झालं. आता मारामारी हा एक मार्ग आहे, बोलणी हा दुसरा, आणि दोन्हींत कोतवालाची मुदत डोक्यावर.

पायरी 4: नकाशा

आलेखवहीचा एक चौकोन म्हणजे पाच फूट. सात ठिकाणं काढा, खोल्या म्हणून नव्हे तर ठिकाणं म्हणून.

पहिलं, हौदाचा तळ: लोखंडी जाळी आतून बाहेर वाकलेली. दुसरं, मुख्य नळ: घोट्याएवढं पाणी, माणूस जेमतेम उभा राहील, लांब भाला फिरवता येणार नाही. तिसरं, गाळाची टाकी. चौथं, उसासा: वर आकाशाचा तुकडा दिसतो, वरचं तोंड एका पडक्या वाड्याच्या परसात निघतं. पाचवं, नळ खोदताना चुकून लागलेलं जुनं लेणं, अपुरं, छिन्नीच्या खुणा अजून ताज्या वाटणारं. सहावं, कोबोल्डांचा तळ. सातवं, बांध.

आता जोडणी, आणि नवा डीएम नेमका इथे चुकतो. एकामागे एक ठिकाणं जोडलीत तर ती लोकलच्या डब्यांसारखी होतात. प्रवाशाने फक्त पुढच्या डब्यात जायचं. वर्तुळं करा. मुख्य नळातून टाकीत जाता येतं आणि लेण्यातही. दोन्हीकडून कोबोल्डांचा तळ गाठता येतो, टाकीकडून समोरून आणि लेण्याकडून पाठीमागून. उसासा टाकीच्या वर उघडतो, म्हणजे ज्यांनी आधी पेठेत फिरून चौकशी केली त्यांना दुसरा दरवाजा मिळाला. दोन दरवाजे आणि एक वर्तुळ एवढं असलं की प्लेअर आपापसात वाद घालू लागतात, आणि तुम्ही चहा घेऊ शकता.

प्रत्येक ठिकाणाला दोन-तीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका. टाकीचंच बघा: "चिखल गुडघाभर, मधोमध तेलकट डबकं, डबक्याशेजारी लाल पागोटं." ग्रे ऊझ हलला नाही तर ओल्या दगडासारखा किंवा तेलकट डबक्यासारखाच दिसतो, हे त्याच्या नियमांतच लिहिलंय. पागोटं बेपत्ता पाणक्याचं. जो वाकून उचलेल त्याच्यावर तो झेपावेल. ऊझला लागलेली साधी लोखंडी तलवार गंजते, प्रत्येक वाराला थोडी आणखी. फायटरच्या चेहऱ्याकडे बघत राहा.

आकडे जपून. पहिल्या लेव्हलची, म्हणजे अगदी नवखी, चार पात्रं असतील तर चार कोबोल्ड म्हणजे बरोबर मध्यम चकमक. आठ केलेत तर हिशेबाने ती प्राणघातकच्याही वर जाते, कारण संख्या वाढली की हिशेबातला गुणकही वाढतो, आणि कोबोल्ड घोळक्याने आले की एकमेकांना मदत करून अचूक मारतात. म्हणून तळावर बारा कोबोल्ड असू द्या, पण एका वेळी समोर चारच. बाकीचे अंड्यांपाशी. सूर्यप्रकाश त्यांना सोसत नाही, म्हणून दिवसा उसाशाखाली ते येणार नाहीत. हे प्लेअरांनी हेरलं तर त्यांना त्याचा पुरेपूर फायदा घेऊ द्या.

धन? हौदात लोक नाणी टाकतात. गाळात मूठमूठभर सापडतील. पाण्याच्या नळात रत्नजडित मुकुट नसतो.

पायरी 5: वेळ आणि उजेड

जुन्या नियमांत भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजत. पाचव्या आवृत्तीत हे मागे पडलं. तुम्ही परत आणा. एका कोऱ्या कागदावर चौकटी काढा, ती पट्टी टेबलाच्या मध्ये सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. एखादं ठिकाण नीट शोधलं, कुलूप उघडलं, मृताला तपासलं की एक चौकट भरा. मशाल एक तास टिकते, म्हणजे सहा चौकटी. शॉर्ट रेस्टला, म्हणजे छोट्या विश्रांतीला, एक तास, म्हणजे एक अख्खी मशाल आणि सहा चौकटी.

प्रत्येक चौकटीला एक सहापैलू फासा टाका. एक पडला तर काहीतरी घडतं. तासाभरात एकदा तरी एक पडण्याची शक्यता साधारण तीनात दोन येते, म्हणजे शॉर्ट रेस्ट फुकट नाही, पण अशक्यही नाही. काय घडतं याची चार ओळींची यादी पुरे: उंदीर, कोबोल्डांची टेहळणी, लांबून माणसाच्या कण्हण्याचा आवाज, बांधातून झिरपून पाणी बोटभर वाढणं. यातल्या दोनांत मारामारी नाही, हे मुद्दाम.

आता अडचण. पाचव्या आवृत्तीत एल्फ आणि ड्वार्फ या वंशांची पात्रं अंधारात साठ फूट बघतात, आणि विझार्ड किंवा क्लेरिककडे, म्हणजे पुजाऱ्याकडे, लाइट नावाचा मंत्र असू शकतो जो कितीही वेळा टाकता येतो. मशालीचा धाक उरतो कुठे? थोडा उरतो, नियम नीट वाचलात तर. डार्कव्हिजन, म्हणजे ही अंधारात बघायची शक्ती, असलेल्यालाही पूर्ण काळोख अंधुक उजेडासारखा दिसतो, रंग कळत नाहीत, आणि डोळ्यांनी काही हेरायचं तर दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो. लाल पागोटं त्याला लाल दिसणार नाही. तेलकट डबकं तर मुळीच नाही. बहुतेक डीएम हे विसरतात. लाइट मंत्राला मी हात लावत नाही. नव्या प्लेअरचं आवडतं खेळणं काढून घेऊ नये. त्याऐवजी लांबून उजेड दिसतो हे लक्षात ठेवा. कोबोल्ड काही आंधळे नाहीत.

आणि लाँग रेस्ट? कोतवालाची मुदत त्यासाठीच आहे. "झोपायचं तर झोपा, उठाल तेव्हा पाणी सुटलेलं असेल," हे आधीच स्पष्ट सांगा. लपवून ठेवलेली मुदत ही मुदत नसते, ती फसवणूक असते.

पायरी 6: टेबलावर

वर्णन तीन वाक्यांत संपवा आणि शेवटी विचारा, "काय करताय?" साधारण असं चालतं:

"नळ इथे फुटतो. डावीकडून सडका वास येतोय. उजवीकडे भिंतीला भगदाड आहे, पलीकडे कोरडं. काय करताय?"

"मशाल कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. पण मी सगळ्यात मागे आहे."

"मागे कशाला मरायला? पुढे ये ना!"

"पुढे आलो तर दोन्ही हात अडकलेले. ढाल कोण धरणार?"

इथे तुम्ही गप्प बसायचं. हा संवाद म्हणजेच खेळ आहे. नवे डीएम अशा वेळी घाबरून फासा टाकायला लावतात किंवा राक्षस सोडतात. नका. फक्त पट्टीवरची एक चौकट भरा, सगळ्यांच्या समोर, सावकाश. निर्णय लवकर होतो.

सापळ्याची खूण आधी दाखवा. न सांगता पडलेला खड्डा म्हणजे नुसतं हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जीवाचे गुण, कापणं. "या तीन फरशा बाकीच्यांपेक्षा कोरड्या आहेत" म्हटलंत की तोच खड्डा दहा मिनिटांची मजा होतो. आणि प्लेअरने तोंडाने नीट सांगितलं, म्हणजे "मी भाल्याच्या टोकाने डबकं ढवळतो", तर फासा मागू नका. सरळ सांगा काय दिसलं.

एकाने नकाशा काढायचं काम घ्यावं. चुकीचा काढला तरी लगेच दुरुस्त करू नका, पण पात्राला उघड दिसेल अशी चूक असेल तर सांगा. माणूस नळात उभा असताना डावं-उजवं चुकणार नाही. खेळणारा मात्र भडंगाची वाटी सांभाळताना चुकतो.

कोबोल्ड भेटले की पहिलं वाक्य त्यांच्या तोंडी घाला. "पाणी नको! पाणी आलं की ते येतं!" एवढं ओरडले तरी पुरे. त्यानंतरही तलवारी निघाल्या तर निघाल्या.

पायरी 7: बाहेर आल्यावर

पाणका जिवंत असेल, नसेल. बांध फोडला असेल, किंवा कोतवालाला एक दिवस थांबायला पटवलं असेल. जे झालं त्याचा परिणाम पेठेत दाखवा: हौद भरला का, पाण्याला वास येतो का, कोबोल्डांची अंडी आता कुठल्या तरी वाड्याच्या तळघरात आहेत का. गाव बदलत नसेल तर पुढच्या वेळी कुणी जीव तोडून खाली उतरणार नाही.

मग प्लेअरांना विचारा, पण "आवडलं का" असं नको. सगळे "भारी होतं" म्हणतात आणि रिक्षा बोलावतात. विचारा, पुढच्या वेळी पात्रं काय करणार. लेण्याच्या मागची बंद भिंत फोडायची म्हणाले, तर दुसरा मजला काढायला घ्या, आता डंजन हेच कॅम्पेन. कोतवालाला नडायचं म्हणाले, तर गोष्ट शहरात गेली; भुयार मागे ठेवा, दर पाच-सहा सेशननी एखादं नवं आणा. दोघे इकडे, दोघे तिकडे असतील तर कोतवालाने लेण्यातलं काहीतरी आधीच हलवलंय असं करा. डीएमने मनात धरलेली तीन राज्यं आणि गादीचं भांडण घुसवायला हीच वेळ: लेण्यातल्या अपुऱ्या मूर्तीच्या पायाशी कुठल्या घराण्याची मुद्रा कोरलेली आहे, ते अजून कुणी बघितलेलं नाही.

दुसरा मजला करायचं ठरलं तर आधी पहिल्याचा नकाशा पुन्हा उघडा आणि खाली जाणाऱ्या किमान दोन वाटा काढा, एक सगळ्यांना दिसणारी आणि एक टाकीच्या गाळाखालची.